दहा वर्षांनंतरची पहिली पायरी



अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांपुढे अध्यक्ष म्हणून बोलण्याची जी संधी तुम्ही दिलीत, ती मी एकाच प्रश्नासाठी वापरणार आहे. नव्याने लागणाऱ्या मुलीला पगार किती मिळतो, याची चर्चा आपण सतत करतो. ती दहा वर्षांनी कुठे पोचलेली असेल, हे फारसे कुणी विचारत नाही. माझ्या मते खरा अन्याय तिथे आहे.

आधी हिशेब मांडतो. राज्याच्या सातव्या वेतन आयोगात अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, आरोग्यसेविकेची २५,५०० पासून. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या अलीकडच्या जाहिरातींत त्याच पात्रतेच्या परिचारिकेला २०,००० आणि आरोग्यसेविकेला १८,००० रुपये ठोक मानधन दिसते. आता कंत्राटी परिचारिकेला दरवर्षी न चुकता पाच टक्के वाढ मिळाली असे धरा. दहा वर्षांनी तिचा आकडा ३२,५०० च्या आसपास जातो. म्हणजे दहा वर्षे रात्रपाळ्या केल्यावरही ती कायम परिचारिकेच्या पहिल्या दिवसाच्या मूळ वेतनापर्यंत पोचत नाही. महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता यात धरलेलाच नाही. कायम परिचारिकेसाठी पुढे परिसेविका, सहाय्यक अधिसेविका, अधिसेविका अशा पायऱ्या आहेत. पदोन्नती अडली तरी दहा, वीस आणि तीस वर्षांनी आश्वासित प्रगती योजनेचा लाभ आहे. कंत्राटी परिचारिकेसाठी पुढची पायरी म्हणजे पुढचे आदेशपत्र.

या अभियानाचे पहिले रूप, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान, १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झाले, तेव्हा ते ठरावीक मुदतीचे काम मानले गेले होते. मुदतीच्या कामाला मुदतीची माणसे, हा विचार त्या वेळी समजण्यासारखा होता. त्याला आता दोन दशके लोटली. बाळंतपणे, लसीकरण, क्षयरोग्यांचा पाठपुरावा या कामांना कुठली मुदत असणार? तरीही अकरा महिन्यांचा करार, मग तांत्रिक खंड, मग पुनर्नियुक्ती ही रीत रूढ झाली. वऱ्हाडातल्या माणसाला ती नवी वाटायला नको. सालदाराची बोली अशीच सालापुरती होत असे. वीस वर्षे तेच शेत कसून त्याला प्रत्येक धुऱ्याची खूण पाठ असायची, पण त्या माहितीची त्याच्या हक्कात एक पैही जमा होत नसे. शेतीतल्या ज्या रीतीची आपल्याला खंत वाटते, तीच आपण दवाखान्यात आणून बसवली.

याचा भुर्दंड रुग्णालाही बसतो, आणि तो सर्वांत जास्त मेळघाटात. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या बालमृत्यूंनी १९९३ पासून शासनाला आणि न्यायालयांना जागे ठेवले आहे. तिथल्या पाड्यांवर जाणाऱ्या भरारी पथकांतल्या डॉक्टरांना शासनाने नाव दिले मानसेवी वैद्यकीय अधिकारी. २०२० मध्ये त्यांचे मानधन २४,००० वरून ४०,००० झाले. वाढ स्वागतार्हच होती, पण नावातले ‘मानसेवी’ राहिले. कोरकू भाषा कानाला सरावणे, कोणत्या घरातले मूल मागच्या पावसाळ्यात खंगले होते ते लक्षात असणे, बाळंतीण दवाखान्यात यायला का कचरते ते समजणे, हे सारे वर्षानुवर्षे राहून कमावलेले कौशल्य आहे. ते कोणत्याही प्रमाणपत्रावर येत नाही. परतवाड्याला किंवा अकोल्याला जरा बरी जागा मिळताच परिचारिका उतरून जाते. तिला दोष देता येत नाही, कारण पाड्यावर थांबल्याने तिचे काहीच वाढत नव्हते. पण तिच्याबरोबर तो पाडा ओळखणारे माणूसही जाते.

आक्षेप ऐकायला हवेत. निधी केंद्राचा, मंजुरी वर्षापुरती, मग राज्य कायम पदे कशी देणार, असे वित्त विभाग विचारतो. ओडिशाने ऑक्टोबर २०२२ मध्ये कंत्राटी भरतीची पद्धतच बंद करून सत्तावन्न हजारांवर कर्मचारी नियमित केले, आणि ते काही महाराष्ट्रापेक्षा श्रीमंत राज्य नव्हे. आपल्याही शासनाने १४ मार्च २०२४ च्या निर्णयात दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या नियमित पदांवरील समायोजनाचे तत्त्व मान्य केले. तरी त्याच्या अंमलबजावणीसाठी या कर्मचाऱ्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा संपावर जावे लागले. दुसरे म्हणतात, मेळघाटातल्या बैरागडला डॉक्टर कोल्हे दाम्पत्य वर्षानुवर्षे राहिलेच ना? राहिले, आणि त्यांच्यापुढे आपण नतमस्तक आहोत. पण त्याग ज्याचा त्याने स्वीकारायचा असतो. तो जाहिरातीतली अट करून वीस-बावीस वर्षांच्या मुलीच्या माथी मारता येत नाही. कायम झाले की माणूस काम टाळतो, हाही आक्षेप येतो. त्याचे औषध कामाच्या चोख मूल्यमापनात आहे. टांगती तलवार माणसाला हजर ठेवते, त्याचे मन कामात ठेवत नाही.

मला खरा जड वाटणारा आक्षेप वेगळा आहे, आणि तो इथे बसलेल्या, यंदाच पदवी-पदविका हाती घेतलेल्या तरुणांचा आहे. सगळ्या जागा समायोजनात गेल्या तर आम्ही कुठे जायचे? उमादेवी खटल्यात १० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खुल्या स्पर्धेचे जे तत्त्व सांगितले, ते याच मुलांच्या बाजूचे आहे. म्हणून सरसकट कायम करा एवढी एकच घोषणा मला अपुरी वाटते. दरवर्षी ठरल्या वेळी भरती व्हावी, रिक्त जागा साठवून ठेवू नयेत, आणि केलेल्या सेवेला परीक्षेत गुण असावेत. पण पद भरेपर्यंत काम करणाऱ्याला त्या पदाचे किमान वेतन मिळायलाच हवे. जगजीत सिंग खटल्यात २०१६ साली त्याच न्यायालयाने समान कामाला समान वेतनाचे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू केले आहे. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर तरुण आणि जुने कंत्राटी एकमेकांचे वैरी उरत नाहीत.

अमरावतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये शंभर जागांनी सुरू झाले. अकोल्याचे २००२ पासून आहे. शिकवण्याची सोय वाढते आहे, सामावून घेण्याची नाही. आज संध्याकाळी जो ठराव मांडला जाणार आहे, त्यात मानधनवाढीची मागणी पहिली आहे. ती खाली घ्यावी आणि पहिल्या क्रमांकावर हे वाक्य घालावे, अशी माझी सूचना आहे: कंत्राटी सेवेत रुजू झाल्याचा पहिला दिवस हाच नियमित नियुक्तीनंतर वेतननिश्चिती आणि आश्वासित प्रगती यांसाठी सेवेचा पहिला दिवस धरावा.