फाइल उघडली, आवाज आला, म्हणून मी ओरिजिनल डिलीट केली

मागच्या एपिसोडनंतर एकानं मेसेज केला, "दादा, एमएक्सएफ फाइल मोबाइलवर लागत नाही, कन्व्हर्ट कशी करायची ते सांगा ना." उत्तर दोन मिनिटांचं आहे. पण हेच दोन मिनिटांचं काम मी एकदा घाईत केलं आणि आमच्या घरातली एक गोष्ट कायमची घालवली. म्हणून आज आधी ती गोष्ट, मग कमांड.

2023 ची गोष्ट. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली आणि आपला मराठवाडा मोकळा झाला, त्याला त्या वर्षी 75 वर्षं पूर्ण होत होती. आमचं गाव जाफराबाद तालुक्यात. म्हणजे निजामाच्या मुलखाचं अगदी टोक, पलीकडं वऱ्हाड. रझाकारांच्या धास्तीनं आमच्या आबांचं घर रातोरात देऊळगाव राजाकडं निघून गेलं होतं. आबा तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे. ही गोष्ट घरात तुकड्यातुकड्यांनी सगळ्यांनीच ऐकलेली, पण सलग कुणीच नाही. म्हणलं, आता आबा नव्वदीला आलेत, रेकॉर्ड करून ठेवू.

माझा एक मित्र जालन्यात न्यूज चॅनलसाठी शूटिंग करतो. त्याच्याकडं खांद्यावरचा जुना ब्रॉडकास्ट कॅमेरा होता. तो म्हणाला, "मोबाइलवर कशाला करतो भाऊ, मी येतो ना." आला बिचारा गाडीवर कॅमेरा बांधून. आबांच्या सदऱ्याला छोटा कॉलर माईक लावला, ओसरीवर पंखा सुरू, आत आईचा कुकर सुरू. तीन क्लिप झाल्या, मिळून चाळीस मिनिटं. तीन एमएक्सएफ फाइली, साडेसोळा जीबी. मित्रानं त्या माझ्या लॅपटॉपवर टाकून दिल्या आणि दोन दिवसांनी पुढच्या शूटसाठी कार्ड फॉरमॅट केलं. त्याची काही चूक नाही, कार्ड काय फुकट येतात?

आता या फाइली एवढ्या जड का? हा कॅमेरा सेकंदाला 50 मेगाबिट चित्र लिहितो. म्हणजे मिनिटाला 375 एमबी, वर आवाजाचे चार वेगळे ट्रॅक, तेही न दाबलेले. तुमच्या मोबाइलला असं चित्र वाचायची सवयच नाही.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, बाकी सगळं तिच्यावरच आहे. एमएक्सएफ, एमओव्ही, एमपी4, टीएस ही चित्राची नावं नाहीत, डब्यांची नावं आहेत. आपल्याकडच्या भाषेत सांगतो. मोसंबी कॅरेटमध्ये भरली काय, खोक्यात भरली काय, मोसंबी तीच. कॅरेटमधून काढून खोक्यात भरणं, याला रीरॅप म्हणतात. फळाला धक्का नाही, पाच मिनिटांत काम होतं. पण त्याच मोसंबीचा रस काढून बाटलीत भरला, तर ते ट्रान्सकोड. प्यायला सोपं, न्यायला हलकं. पण बाटलीतल्या रसाची पुन्हा मोसंबी होत नाही. बरेच जण दोन्हीला 'कन्व्हर्ट' म्हणतात आणि गोंधळ तिथून सुरू होतो. (आणि फाइलचं नाव बदलून शेवटी डॉट एमपी4 लिहिणं म्हणजे खोक्यावरचं लेबल बदलणं. आत कॅरेटच आहे. हे करणारे लोक मी पाहिलेत. इंजिनिअर पाहिलेत!)

मग एवढे डबे कशाला? कारण प्रत्येकाचं काम वेगळं. एमएक्सएफ हे चॅनलवाल्यांचं आपसातलं डबं. एसएमपीटीई या संस्थेनं 2004 मध्ये त्याचं स्टँडर्ड काढलं. त्यात टाइमकोड, क्लिपची माहिती, आवाजाचे कितीही ट्रॅक बसतात. टीएस हे तुमच्या सेट-टॉप बॉक्सपर्यंत येतं. 188 बाइटचे बारके बारके तुकडे, मधले चार हरवले तरी पुढचं चालू राहतं, म्हणून चॅनल मध्येच लावलं तरी दिसतं. एमपी4 मोबाइलचं. त्याची अनुक्रमणिका बऱ्याचदा शेवटी लिहिली जाते, म्हणून रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी गेली की फाइल उघडतच नाही. एवढं पुरे.

तर मी काय केलं? नातेवाइकांना मोबाइलवर पाठवायचं होतं. एफएफएमपेग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, फाब्रिस बेलार नावाच्या माणसानं 2000 साली सुरू केलेलं. आज व्हिडिओचं निम्मं जग त्याच्यावर उभं आहे म्हणलं तरी चालेल. मी सरळ इनपुट एमएक्सएफ, आउटपुट एमपी4 अशी कमांड दिली. सव्वा जीबीत तिन्ही क्लिप झाल्या. मोबाइलवर पहिले दहा सेकंद बघितले. चित्र आलं, आवाज आला, मी ओरडून विचारतोय "आबा, सुरू करायचं का?" झालं. लॅपटॉप भरला होता, ऑफिसचं काम होतं, मी तिन्ही ओरिजिनल फाइली डिलीट केल्या. रिसायकल बिनसकट.

आता ऐका. एफएफएमपेगला तुम्ही काही सांगितलं नाही तर ते प्रत्येक प्रकारचा एकच ट्रॅक उचलतं. चित्राचा एक, आवाजाचा एक. चारही ट्रॅक एकसारखे मोनो असतील तर पहिला. बाकीचे तीन गपचूप मागं राहतात. एरर येत नाही, लाल अक्षरं येत नाहीत. पहिल्या ट्रॅकवर काय होतं? कॅमेऱ्याच्या अंगावरचा माईक. मी कॅमेऱ्याशेजारी उभा, म्हणून माझा आवाज खणखणीत. आबा आठ फुटांवर बाजेवर, त्यांच्या डोक्यावर पंखा. त्यांचा कॉलर माईक होता दुसऱ्या ट्रॅकवर.

हे मला कधी कळलं? आबा गेल्यावर. 2024 च्या उन्हाळ्यात गेले. तेराव्याला सगळे जमले, काकांनी टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. चित्रात आबा बोलतायत, हात हलवतायत, आणि ऐकू येतोय पंखा. आत्या म्हणाली, "आवाज वाढव रे." वाढवला. पंखा वाढला. मी बीटेक झालेला, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा घरातला पोरगा. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

त्या रात्री मित्राला फोन केला. त्यानं त्या वेळी 17 सप्टेंबरच्या बातमीसाठी आबांचे दोन तुकडे वापरले होते. म्हणून पहिली आणि दुसरी क्लिप त्याच्या एडिटिंगच्या मशीनवर तशीच पडून होती. म्हणाला, "थांब भाऊ, एमपी4 काढून व्हॉट्सअ‍ॅप करतो." मी म्हणलं, बाबा रे, हात लावू नको! काही काढू नको, काही पाठवू नको, मी हार्ड डिस्क घेऊन येतो. सकाळी पहिल्या एसटीनं जालना गाठलं. आयुष्यात कॉपी-पेस्टचा हिरवा पट्टा एवढ्या लक्ष देऊन कधी बघितला नव्हता.

तिसरी क्लिप मिळाली नाही. रिकव्हरीची सॉफ्टवेअरं लावून बघितली, पण डिलीट करून वर्ष होत आलं होतं आणि माझ्या लॅपटॉपवर त्या जागेत कधीच दुसरं काही लिहिलं गेलं होतं. तिसऱ्या क्लिपमध्येच गाव सोडल्याची रात्र आहे.

आता तुमची कमांड, सावकाश सांगतो. आधी एफएफप्रोब चालवून फाइलमध्ये ट्रॅक किती आहेत ते बघा. ते नसेल तर व्हीएलसीमध्ये ऑडिओ मेनूत जाऊन एकेक ट्रॅक लावून ऐका. कानानं ऐका, दहा सेकंद नाही, मधून आणि शेवटून पण. मग जपून ठेवायची कॉपी: इनपुट फाइलनंतर हायफन मॅप झिरो कोलन व्ही, हायफन मॅप झिरो कोलन ए, हायफन सी कॉपी, आणि आउटपुटला डॉट एमओव्ही. मॅप म्हणजे चित्राचे आणि आवाजाचे सगळे ट्रॅक घे, सी कॉपी म्हणजे रस काढू नको, नुसतं खोकं बदल. एमओव्ही अशासाठी की असला न दाबलेला आवाज त्यात सरळ बसतो, एमपी4 मध्ये कटकट होते. खरं तर ओरिजिनल एमएक्सएफ ठेवायला जागा असेल तर हेही करू नका, तीच ठेवा.

मोबाइलसाठी मात्र रस काढावाच लागतो. तिथं हवा तो ट्रॅक नाव घेऊन सांगा. दुसरा हवा असेल तर झिरो कोलन ए कोलन वन, कारण मोजणी शून्यापासून. आणि कॅमेरा इंटरलेस्ड असेल, चॅनलवाल्यांचे बऱ्याचदा असतात, तर यॅडिफ फिल्टर लावा, नाहीतर हात हलला की कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. तयार झालेली फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवली की ते अजून एकदा पिळून काढतं.

पहिल्या दोन क्लिप आता तीन ठिकाणी आहेत. पुण्यात माझ्याकडं, गावाकडं काकांच्या कपाटात आणि मित्राकडं. तिसरीवर मी अधूनमधून बसतो. पंख्याचा आवाज कमी करायचे फिल्टर लावले की आबांचा पण कमी होतो, दोघं एकाच पट्टीत बोलतायत असं वाटतं. निम्मं समजतं, निम्मं ओठांवरून लावायचं.

पण अकराव्या मिनिटाला लाईट गेली होती. कॅमेरा बॅटरीवर होता, म्हणून चालू राहिला. पंखा थांबतो, आणि साधारण चाळीस सेकंद आबा एकदम स्वच्छ ऐकू येतात. सांगतायत की जातं नेता आलं नाही, पाटा नेता आला नाही, आईनं फक्त जोंधळ्याचं बियाणं लुगड्यात बांधून घेतलं. मग मी मध्येच विचारतो, "किती होतं?" आबा दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवतात. तेवढ्यात लाईट येते.