मनाच्या शुश्रूषेचा व्यवसाय



बेळगावात शिक्षकी करीत असताना माझ्या हातून एक चूक घडली. आजच्या भाषणाचा आरंभ मी तिच्यापासूनच करतो. दहावीच्या वर्गातील एक हुशार मुलगा शाळा सुटल्यावर माझ्यापाशी रेंगाळला. ‘सर, रात्री झोप लागत नाही, पुस्तक उघडले की छातीत धडधडते,’ असे तो म्हणाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, ‘अरे, मन घट्ट कर. पहाटे उठून अभ्यासाला बस, म्हणजे सारे ठीक होईल.’ ‘बरं, सर,’ एवढेच म्हणून तो निघून गेला. पुन्हा काही सांगावयास तो माझ्याकडे आला नाही आणि त्या वर्षी परीक्षेलाही बसला नाही. पुढे योग्य उपचार मिळून तो सावरला. पण त्याचे श्रेय माझे नव्हे. तो माझा उपदेश घ्यावयास आला नव्हता, आपले सांगावयास आला होता, हे मला फार उशिरा उमगले.

हल्ली पुष्कळ विद्यार्थी विचारतात, ‘दुसऱ्याच्या मनाला आधार देण्याचे काम आम्हांला करावयाचे आहे, त्यासाठी काय शिकावे?’ प्रश्न चांगला आहे, आणि गरजही मोठी आहे. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली. तीत शंभर प्रौढांमागे दहाअकरा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. आणि त्यांतील बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते.

या कामाची दारे एकाहून अधिक आहेत. मानसोपचारतज्ज्ञ हा आधी वैद्य असतो. एम.बी.बी.एस. झाल्यावर तो या विषयात एम.डी. होतो आणि औषधे लिहून देऊ शकतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्राच्या वाटेने येतो. तो चाचण्या घेतो आणि संभाषणाच्या शास्त्रशुद्ध पद्धतींनी उपचार करतो. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. एम.फिल. हा त्याचा रूढ मार्ग होता; २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर त्या रचनेत फेरबदल होत आले आहेत. म्हणून प्रवेशाचे शुल्क भरण्यापूर्वी अभ्यासक्रमास परिषदेची मान्यता आहे की नाही, हे स्वतः पाहून घ्यावे. समाजकार्याची पदवी घेऊन या क्षेत्रात उतरणारे रुग्णाचे घर, नोकरी आणि शेजार यांची घडी पुन्हा बसवितात. मनोरुग्णांच्या परिचर्येचे खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकांचे कार्यही तितकेच मोलाचे आहे. शाळा-महाविद्यालयांतून समुपदेशकांचीही गरज आहे. मात्र चार आठवड्यांत समुपदेशक बनविणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहा.

यासाठी दूरदेशी जावे लागते असेही नाही. आम्हां बेळगावकरांना धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे. गोव्यात बांबोळीची संस्था आहे, ग्वाल्हेरला मानसिक आरोग्यशाळा आहे, हैदराबादेत एर्रागड्डा येथे मोठे रुग्णालय आहे, आणि बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात समाजकार्याचे शिक्षण मिळते.

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्या मुलांपाशी आणखी एक भांडवल आहे. आपण ज्याला उणीव समजतो, तेच ते भांडवल! बेळगावचा मुलगा घरात मराठी आणि बाजारात कानडी बोलतो. पणजीची मुलगी कोंकणीत हसते आणि मराठीत वाचते. हैदराबादच्या मराठी घरातील मुलाला तेलुगू आणि उर्दू दोन्ही कानांवर पडून येतात. माणूस हिशेब परक्या भाषेत करील, अर्जही लिहील. पण दुःख सांगताना त्याला आईची भाषा लागते. ज्याला दोनतीन भाषांतले रडे समजते, त्याची या क्षेत्रात फार गरज आहे.

गोव्यातील एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. आरोग्यसेवेची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक उपचारकेंद्रांत नेमण्यात आले होते. सरकारी आरोग्यकेंद्रांत येणाऱ्या उदासीनतेच्या व चिंताविकाराच्या रुग्णांना त्यांचा चांगला उपयोग झाला. मात्र ते एकटे नव्हते. शेजारी डॉक्टर होते आणि पाठीशी तज्ज्ञांची देखरेख होती. सद्भावना पुष्कळ करू शकते, पण तिला शिक्षण आणि देखरेख यांची जोड हवी, हाच त्यातला बोध.

मग विद्यार्थिदशेत काय करता येईल? आधी ऐकावयास शिका. मित्र बोलत असताना मध्येच आपला अनुभव सांगू नका, तोडगा सुचविण्याची घाई करू नका. त्याने विश्वासाने सांगितलेले चारचौघांत बोलू नका. परंतु या नियमाला एक अपवाद आहे, तो कधीही विसरू नका. ‘मला जगावेसे वाटत नाही’ असे कोणी म्हणाला, तर ती थट्टा समजू नका. कोणालाही न सांगण्याचे वचन त्याने मागितले, तरी ते देऊ नका. त्याला एकटे सोडू नका आणि विश्वासू वडीलधाऱ्या माणसास तत्काळ सांगा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते, आणि ती मराठीतही बोलते. मैत्री तुटली तर पुन्हा जोडता येते. गेलेला जीव परत येत नाही.

आणि स्वतःच्या मनाकडेही लक्ष असू द्या. दुसऱ्याचा भार उचलणाऱ्याने आपला भार कोठे उतरवावयाचा, हे आधी ठरवून ठेवावे. त्यात कमीपणा नाही.

तो मुलगा आज पुन्हा माझ्यापुढे उभा राहिला, तर मी त्याला पहाटे उठावयास सांगणार नाही. ‘बैस. सांग,’ एवढेच म्हणेन. त्याचे सांगून झाले की योग्य दारापर्यंत त्याच्याबरोबर चालत जाईन. ते दार उघडून आत कोणी बसलेले असावे, यासाठी तुमच्यापैकी काहींनी हा व्यवसाय पत्करावा, एवढीच माझी विनंती आहे.