बांबू कोणाचा, मासळी कोणाची?

(बुटीबोरी येथे भरलेल्या सामाजिक शास्त्रांच्या अध्यापक-संशोधकांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



 

समाजांचा तौलनिक सामाजिक-आर्थिक अभ्यास हा आपला विषय. या विषयावरचे प्रबंध आपल्याकडे ढिगाने होतात आणि त्यांचा साचाही ठरून गेला आहे. दोन समाज घ्यायचे, दोन तालुके निवडायचे, प्रश्नावली भरून घ्यायची, घर कच्चं की पक्कं, शिक्षण किती, कर्ज किती, वार्षिक उत्पन्न किती, याचे तक्ते मांडायचे आणि शेवटी शासनाला शिफारशी करायच्या. त्यातून कोण जास्त गरीब ते कळतं, का गरीब ते कळत नाही. माझं आज एकच म्हणणं आहे. उत्पन्न विचारण्याआधी हे विचारा की हा समाज कशावर जगतो आणि त्या गोष्टीबद्दल ठरवतो कोण. या प्रश्नाचं उत्तर हाती आलं की पुढचे तक्ते बोलू लागतात.

उदाहरण दूरचं नको. वैनगंगेच्या खोऱ्यातले दोन समाज घेऊ: गोंड आणि ढिवर. एक जंगलावर जगणारा, दुसरा पाण्यावर. ज्या नागपूरच्या पंचक्रोशीत आपण बसलो आहोत ते शहर देवगडच्या बख्त बुलंद शहाने वसवलं, हा गोंडांचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. ढिवरांचा इतिहास कोणी फारसा सांगत नाही, पण या खोऱ्यातल्या तळ्याकाठची त्यांची वस्ती जुनी आहे.

आधी जंगल. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं शंभरेक घरांचं गोंडांचं गाव आहे. शेजारच्या लेखा गावाला जोडून सगळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. गावाचे पुढारी देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे हे नाव आपल्या परिचयाचं आहे आणि मिलिंद बोकील यांच्या पुस्तकामुळे ते मराठी वाचकांच्या घरात पोहोचलं. या जिल्ह्यातला बांबू वर्षानुवर्षं दीर्घ मुदतीच्या करारावर कागद कारखान्याकडे जात असे. गावकऱ्याच्या वाट्याला तोडणीची मजुरी येई आणि तीही दुसऱ्याने ठरवलेल्या दराने. वनहक्क कायदा २००६ साली झाला, २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू गावाबाहेर नेता येईना. नव्या कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवलं होतं, तर १९२७ च्या वन कायद्याच्या हिशेबात तो झाड होता. हक्काचा कागद गावाकडे आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक वन खात्याकडे, अशी ती अडवणूक होती. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ही तारीख पाठ करावी. त्या दिवशी बांबू तोच होता, माणसं तीच होती, त्यांचं कसबही तेच होतं. बदललं ते एवढंच की परवान्यावर सही आता गावाची होती. पुढे गावाची बांबूची उलाढाल कोटीच्या घरात गेली.

सही मिळाली म्हणून सगळं आपोआप झालं, असं मात्र नाही. मेंढ्यात त्याआधी कित्येक वर्षं अभ्यासगट चालत होते. प्रश्न आधी अभ्यासगटात घोळवायचा, मग ग्रामसभेत आणायचा, आणि निर्णय बहुमताने नाही तर सर्वांच्या संमतीने घ्यायचा, ही शिस्त गावाने आधीच लावून घेतली होती. हक्क आला तेव्हा तो पेलणारी यंत्रणा तयार होती.

आता पाणी. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात जुने मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. आपल्याकडे त्यांना मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणतात. ते बांधण्यात कोहळी समाजाचं कौशल्य मोठं, त्यात मासे धरायचे ते ढिवरांनी. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली, तलाव सरकारजमा झाले. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले आणि मासेमारी ठेक्यावर आली. ढिवरांच्या मत्स्य सहकारी संस्थेने ठेका भरायचा, रोहू-कतल्याची बोटुकली विकत आणून सोडायची आणि पावसावर भरवसा ठेवायचा. धानाला पाणी लागलं की शेतकरी पाट सोडतो. त्याचंही बरोबरच आहे, तलाव मुळात धानासाठीच बांधलेला. पण तलावाची पातळी उतरते, ठेक्याची रक्कम उतरत नाही. तलाव किती रिकामा करायचा, गाळ कधी काढायचा, पाळीवर काय लावायचं, यातल्या एकाही निर्णयात मासे धरणाऱ्याचा शब्द चालत नाही.

आणि तरीही तलावाची जाण कोणाकडे आहे? अर्जुनी मोरगाव तालुक्यात तलावांचे अभ्यासक मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांसोबत ढिवर बायांनी तलावातली बेशरम ही उपद्रवी वनस्पती उपटली, उन्हाळ्यात कोरड्या तळाची नांगरट केली, देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासळीला पुन्हा थारा दिला. कोणती वनस्पती कोणत्या माशाला आसरा देते, हे त्या समाजाच्या जाणत्यांना ठाऊक होतं. ज्ञान आहे, कष्टाची तयारी आहे, अधिकार नाही. ढिवरांच्या गरिबीचं निदान या एका ओळीत मावतं.

नदीवरच्या ढिवरांचं दुखणं आणखी वेगळं. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. तेव्हाचा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता, तो किती पटींनी वाढला हे आपण जाणताच. भूसंपादनाचं गणित जमीन आणि घर यांवर चालतं. ज्याची उपजीविका वाहत्या पाण्यात होती, त्याने कोणता सातबारा दाखवायचा? नदीचा सातबारा निघत नाही. त्यातच आपल्या नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात जातं. शहराने उपभोगायचं आणि त्याची किंमत खालच्या अंगाच्या मासेमाराने मोजायची, हा व्यवहार आपल्या एकाही प्रश्नावलीत नसतो.

दोन्ही समाज शेजारी शेजारी ठेवा. गोंड अनुसूचित जमातीत, म्हणून वनहक्क कायद्यात त्यांची वाट तुलनेने सरळ. ढिवर भटक्या जमातींच्या यादीत. त्याच कायद्यात जलसाठ्यातल्या मासळीचा हक्क स्पष्ट नमूद आहे, पण तो घ्यायचा तर त्यांना इतर पारंपरिक वननिवासी म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. तलाव वनजमिनीबाहेर असेल तर तीही वाट बंद. आणि गोंडांचीही सगळीकडे सारखी स्थिती नाही. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा गडचिरोलीच्या बऱ्याच आणि चंद्रपूरच्या काही भागात लागू आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्रच नाही. एकाच समाजाची दोन भावंडं जिल्ह्याच्या सीमेच्या दोन बाजूंना राहतात आणि एकाची ग्रामसभा गौण खनिजावर मत देते, दुसऱ्याची देऊ शकत नाही. यादीतल्या नोंदीचं वजन किती असतं, हे नागपूरला सांगायला नको. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीच्या यादीत नोंद व्हावी या मागणीसाठी आलेल्या मोर्चात ११४ गोवारी बांधव-भगिनी चेंगरून मेल्या. तो प्रश्न पुढे उच्च न्यायालयात आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

आपल्या पत्रिकेत एका शोधनिबंधाचा विषय आहे, पेरूमधले लोक आणि त्सिम्शियन समाज यांची तुलना. विषय धाडसी आहे, म्हणून अध्यक्ष या नात्याने एक शंका नोंदवतो. त्सिम्शियन हा कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा आणि अलास्काच्या एका बेटावरचा एक समाज. पेरू हा देश, त्यात केचुआ, आयमारा, अवाहुन असे कितीतरी समाज. विदर्भाची तुलना माडियांशी करावी तसं हे झालं. तुलनेचं एकक आधी जुळवून घ्या. ते जुळवलं, तर मात्र हा विषय आपल्या फार उपयोगाचा आहे.

त्सिम्शियन हे सालमन माशावर जगलेले लोक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्कीना नदीच्या मुखाशी मासे डबाबंद करणारे कारखाने आले आणि नदीचे मालक कारखान्याचे मजूर झाले. त्यांच्यातला एक गट १८८७ मध्ये अलास्कात गेला. १८९१ च्या कायद्याने त्यांना ॲनेट बेट राखून मिळालं आणि पुढे बेटाभोवतालच्या पाण्यातला मासेमारीचा हक्कही. कॅनडात राहिलेल्या लॅक्स क्वालाम्स गटाने व्यापारी मासेमारीच्या हक्कासाठी दावा लावला, तो २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात हरला. म्हणजे एकाच समाजाच्या दोन शाखा, एकीला पाण्यावर हक्क आणि दुसरीला नाही. गोंदिया-गडचिरोलीची गोष्ट परकीय नावांनी ऐकतो आहोत, असं वाटतं ना? याच लॅक्स क्वालाम्स लोकांपुढे २०१५ मध्ये नैसर्गिक वायूच्या प्रकल्पासाठी ४० वर्षांत मिळून १०० कोटी डॉलरहून मोठी रक्कम ठेवली गेली. सालमनची पिल्लं वाढतात तो उथळ पट्टा धोक्यात येईल म्हणून त्यांनी सभा घेऊन ती नाकारली. पुढे या प्रश्नावर त्यांच्यात मतभेदही झाले आणि २०१७ मध्ये कंपनीनेच बाजाराची स्थिती सांगून प्रकल्प गुंडाळला.

पेरूत १९६९ च्या जमीन सुधारणेने मोठ्या जमीनदाऱ्या मोडल्या, डोंगरातल्या गावसमाजांना जमीन मिळाली. पण जमिनीखालचं खनिज राज्याचं राहिलं, त्यामुळे खाण आली की जमिनीच्या मालकाचं काही चालेना. ॲमेझॉनच्या बाजूला बाग्वा इथे जून २००९ मध्ये अवाहुन आणि वांपिस लोक आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला, ३३ माणसं मेली. त्यानंतर २०११ मध्ये स्थानिक समाजांशी आधी सल्लामसलत करण्याचा कायदा आला. सल्ला घ्यायचा, एकमत झालं नाही तर निर्णय सरकारने द्यायचा. आपल्याकडच्या जनसुनावण्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही. एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या लोहखनिजावरून ग्रामसभांनी उचललेले प्रश्न याच जातीचे आहेत.

आता आपल्या तक्त्यांकडे परत येतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूतून गावाला चांगलं उत्पन्न येऊ लागलं. तेंदूपत्ता मात्र विकायचा नाही, असं गावाने ठरवलं. चांगला पाला यावा म्हणून फांद्या तोडतात, जंगलाला आगी लावतात, त्यात जंगलाचं नुकसान होतं, हे त्यांचं कारण. उत्पन्नाच्या रकान्यात पाचगाव इथे मागे पडलेलं दिसेल. लॅक्स क्वालाम्स तर आपल्या रकान्यात वेडेच ठरतील. पण ज्याला नको म्हणणं परवडतं तो गरीब कसा? उलट बाजूही सांगतो. हक्क मिळालेल्या सगळ्याच ग्रामसभा मेंढा किंवा पाचगाव झालेल्या नाहीत. तेंदूच्या व्यवहारात ठेकेदारांकडे रकमा अडकल्याच्या तक्रारी गडचिरोलीतूनच आल्या आहेत. हिशेब ठेवता आला नाही तर हक्क पुन्हा ठेकेदाराच्या खिशात जातो.

बुटीबोरीत बसून हे बोलणं अप्रस्तुत नाही. नव्वदच्या दशकात इथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, जमिनी गेल्या, कारखाने आले. भंडारा-गडचिरोलीचा पोरगा आज इथे गेटपास लावून ठेक्यावर राबतो. असंच पेरूतही झालं: किनाऱ्यावर चिंबोते नावाचं लहानसं बंदर होतं. आंचोवेता माशाची भुकटी करणारे कारखाने निघाले, डोंगरातून माणसं उतरली आणि दोन-तीन दशकांत त्याचं लाखावर वस्तीचं शहर झालं. होसे मारिया आर्गेदास या लेखकाने आपली शेवटची कादंबरी त्या शहरावर लिहिली. १९७० मध्ये पेरूची आंचोवेताची पकड एक कोटी टनांच्या पुढे गेली. दोनच वर्षांत बेसुमार पकड आणि एल निनो एकत्र आले आणि धंदा कोसळला. त्या कोसळण्याचा निर्णय मजुराने घेतला नव्हता, भोगला मात्र त्याने. म्हणून रोजगार किती निर्माण झाला एवढं विचारून थांबू नका, पगार आणि पाणी यांबद्दल कामगाराला कुठे बोलता येतं, तेही विचारा.

संशोधक मित्रांना माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक प्रश्नावलीत उत्पन्नाच्या आधी निर्णयाचे रकाने घाला. साधन कोणतं, त्याचा कागद कोणाच्या नावे, भाव कोण ठरवतो, नाही म्हणता येतं का, पैसा कोणाच्या खात्यात जातो. दुसरी, निष्कर्ष आधी त्या गावाच्या सभेत वाचून दाखवा, मग विद्यापीठात. तिसरी सूचना परिषदेसाठी आहे. मामा तलावांच्या ठेक्यात पाण्याची किमान पातळी राखण्याची अट असावी आणि तलावाच्या नियोजनात मत्स्य संस्थेला जागा मिळावी, असा ठराव उद्याच्या समारोपात आपण मंजूर करावा आणि भंडारा-गोंदियाच्या दोन्ही जिल्हा परिषदांकडे पाठवावा. ठरावाचा मसुदा मी संयोजकांकडे दिला आहे. त्यावर कडाडून चर्चा करा, हवे ते बदल करा, पण तो मंजूर केल्याशिवाय घरी जाऊ नका.

जोहार! जय सेवा!