कर्ज फिटलं, आता गाव कोणतं?



आजचा विषय आहे कर्ज फिटल्यानंतरचं घर. घर घेताना काय पाहावं, कर्ज कुठून घ्यावं, यावर भरपूर बोललं जातं. शेवटचा हप्ता गेल्यावर काय करायचं, यावर फारसं कोणी बोलत नाही. बँकेचा एसएमएस येतो, घरात पेढे येतात, देवापुढे दिवा लागतो आणि विषय संपतो. खरं तर तिथे तो सुरू होतो. त्यातून घर बेंगळुरूसारख्या परमुलखात असेल, तर दोन कामं समोर असतात. एक कागदाचं आणि दुसरं मनाचं. आधी कागद घेऊ, कारण त्याला मुदत असते.

साध्या हिशेबापासून सुरुवात करतो. पन्नास लाखांचं कर्ज, वीस वर्षं, नऊ टक्के व्याज. महिन्याचा हप्ता होतो साधारण ४५ हजार. वीस वर्षांत बँकेला गेलेली एकूण रक्कम सुमारे एक कोटी आठ लाख. म्हणजे घेतलेल्या रकमेपेक्षा व्याजच जास्त. एवढे पैसे भरून आपण जे सोडवून घेतलं, ते नेमकं काय? घरात तर आपण आधीपासून राहतच होतो. बँकेकडे अडकले होते ते कागद. म्हणून पहिलं काम, कागद हातात घेणं.

रिझर्व्ह बँकेचा १३ सप्टेंबर २०२३चा आदेश आहे आणि १ डिसेंबर २०२३पासून तो लागू आहे. कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांच्या आत बँकेने मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि नोंदणीत चढवलेला बोजा काढायचा. बँकेमुळे उशीर झाला, तर दर दिवसाला पाच हजार रुपये तुम्हाला द्यायचे. कागद हरवले किंवा खराब झाले, तर दुय्यम प्रती मिळवून द्यायची जबाबदारी बँकेची आणि खर्चही तिचाच. त्या कामासाठी तिला आणखी तीस दिवस मिळतात. हे माहीत असलेला माणूस शाखेत जरा वेगळ्या आवाजात बोलतो!

कर्ज घेताना बँकेने दिलेली कागदांची यादी शोधून ठेवा. त्या यादीप्रमाणे एकेक पान मोजून घ्या: तुमचं खरेदीखत, त्याआधीच्या मालकांची खतं म्हणजे इथे ज्याला 'मदर डीड' म्हणतात ते, करारनामा, खात्याचे उतारे. सोबत कर्ज फिटल्याचं पत्र आणि ना-हरकत दाखला घ्या. बँक खात्यावरची हप्त्याची स्वयंचलित सूचना बंद करा. महिना-दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढून तिथे कर्ज 'बंद' दिसतंय ना, ते पाहा.

आता खास बेंगळुरूचं. आपण महाराष्ट्रातून येतो तेव्हा आपल्या डोक्यात आपले शब्द असतात. सात-बारा, इंडेक्स टू, प्रॉपर्टी कार्ड, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. इथे यातलं बहुतेक त्या नावाने मिळत नाही. शेतजमिनीचा सात-बारा इथे 'पहाणी' किंवा आरटीसी. महापालिकेच्या दप्तरात मालमत्ता कोणाच्या नावावर आहे, हे सांगणारा कागद म्हणजे 'खाता'. आणि मालमत्तेवर कोणकोणते नोंदणीकृत व्यवहार झाले, हे सांगणारा कागद म्हणजे ईसी, अर्थात बोजा-दाखला. तो 'कावेरी' या सरकारी संकेतस्थळावरून काढता येतो. व्यवहार असतील तर तो नमुना १५मध्ये येतो, काहीच नसेल तर नमुना १६मध्ये.

हे का सांगतोय? कर्नाटकात घरकर्ज देताना बँक बहुधा कागद ताबा ठेवल्याचा दस्त उपनिबंधकाकडे नोंदवून घेते. त्यामुळे तुमच्या ईसीत बँकेचं नाव चढलेलं असतं. कर्ज फिटलं म्हणून ते आपोआप उतरत नाही. बँकेचा अधिकारी आणि तुम्ही मिळून बोजा सोडल्याचा दस्त नोंदवावा लागतो. अनेक जण मूळ कागद घरी आणतात, कपाटात ठेवतात आणि निर्धास्त होतात. दहा वर्षांनी घर विकायला काढलं, की घेणाऱ्याचा वकील ईसी पाहतो आणि विचारतो, बँकेचं नाव कसं काय? तोवर ती शाखा दुसरीकडे गेलेली असते किंवा बँकच दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते. म्हणून हे काम कागद आणायच्या आठवड्यातच करा आणि मग नवा ईसी काढून डोळ्यांनी पाहा.

दुसरं, ई-खाता. ऑक्टोबर २०२४च्या सुमारापासून बेंगळुरूत मालमत्तेच्या व्यवहारांच्या नोंदणीसाठी तो सक्तीचा झाला. सप्टेंबर २०२५पासून तर जुनी बीबीएमपीच राहिली नाही. तिच्या जागी ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण आणि त्याखाली पाच महापालिका आल्या. तुमचं घर कुठल्या महापालिकेत आलं ते पाहून घ्या. ई-खात्यावरचं नाव, क्षेत्रफळ आणि खरेदीखतावरचं नाव, क्षेत्रफळ जुळवून पाहा. 'कुलकर्णी'चं स्पेलिंग कन्नडमधून इंग्रजीत जाताना काय होईल, सांगता येत नाही!

तिसरं, आपण ज्याला सोसायटी म्हणतो, ती इथे बहुतेक ठिकाणी मालकांची 'असोसिएशन' असते. सहकारी गृहनिर्माण संस्था इथे कमी. त्यामुळे शेअर सर्टिफिकेट नसतं. तुमचा हक्क असतो तो खरेदीखतात लिहिलेला, फ्लॅट अधिक जमिनीतला अविभाजित हिस्सा. तो आकडा किती आहे, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असावं. उद्या इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली, तर त्याच आकड्यावर बोलणी होतात.

आता पैशाचं. दरमहा ४५ हजार मोकळे झाले. पहिल्या तीन महिन्यांत ते कुठे जातात हे कळतही नाही. मोठी गाडी, नवं स्वयंपाकघर, एक परदेश सहल. करा, हौस करा. वीस वर्षं मन मारलंय. पण हप्त्याच्या तारखेलाच तेवढीच रक्कम बचतीत वळवायची सोय आधी करून ठेवा. ४५ हजार दरमहा, दहा वर्षं, सात टक्के धरले तर सुमारे ७८ लाख होतात. हप्ता भरायची सवय तुम्हाला आहेच, फक्त आता हप्ता स्वतःला द्यायचा.

जुनी करपद्धत घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, व्याजावरची दोन लाखांपर्यंतची वजावट आता संपली, आणि ८०-सीमध्ये मुद्दलाची जागाही रिकामी झाली. त्या वर्षी दोन्ही पद्धतींचा हिशेब नव्याने करा. मालमत्ता कर एप्रिलअखेर पूर्ण भरला, तर पाच टक्के सूट मिळते, तीही सोडू नका.

यानंतरचा मुद्दा जरा नाजूक आहे, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. घर कोणाच्या नावावर आहे?

कर्जाच्या कागदावर पती-पत्नी दोघांच्या सह्या असतात. म्हणून अनेक घरांत समज असतो की घर दोघांचं आहे. तसं नाही. सहकर्जदार म्हणजे सहमालक नव्हे. मालक तोच, ज्याचं नाव खरेदीखतात आहे. पत्नीने वीस वर्षं पगारातून अर्धा हप्ता भरला असेल, तरी खरेदीखतात तिचं नाव नसेल, तर कागदावर ती मालक नाही. कर्ज चालू असताना बँकेच्या संमतीशिवाय हे बदलता येत नव्हतं. आता येतं. दानपत्राने हिस्सा देता येतो. कुटुंबातल्या व्यक्तीला दान देताना कर्नाटकात मुद्रांक शुल्क विक्रीच्या मानाने फारच कमी लागतं.

आणि मृत्युपत्र. हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर त्याचं घर पत्नी, मुलं आणि आई यांच्यात सारख्या हिश्शांनी जातं. म्हणजे साताऱ्यात राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या आईचाही त्या बेंगळुरूच्या फ्लॅटमध्ये हिस्सा येतो. त्यात गैर काही नाही, ती आईच आहे. पण पुढे आईच्या पश्चात तिचा हिस्सा तिच्या इतर मुलांकडे, नातवंडांकडे जातो. मग एका सहीसाठी चार गावांत फिरावं लागतं, आणि गोड संबंध कडू होतात. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, साक्षीदार दोन लागतात. ज्यांना त्यातून काही मिळणार नाही, असे साक्षीदार घ्या. एका संध्याकाळचं काम आहे. आईची सोय वेगळी आणि स्पष्ट लिहा.

कागद झाले. आता मनाचं.

बेंगळुरूत येऊन वीस-पंचवीस वर्षं झालेल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "एकदा कर्ज फिटलं की परत जायचं." पुण्याला, कोल्हापूरला, नाशिकला. या वाक्याच्या आधाराने माणूस ट्रॅफिक सोसतो, पाण्याच्या टँकरचं बिल सोसतो, सणाला घरी जाता आलं नाही तर तेही सोसतो. आणि त्याच वाक्याच्या आधाराने तो कन्नड शिकत नाही, मतदार यादीत नाव बदलत नाही, शेजाऱ्याशी "हॅलो"च्या पुढे जात नाही. आपण काही दिवसांचे पाहुणे, कशाला मुळं धरायची? कर्ज असतं तोवर हे चालून जातं. ते फिटलं की सबब उरत नाही. आणि मग कळतं की घरातल्या प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

वडिलांना परत जायचं असतं. आईच्या मैत्रिणी, तिची भिशी, तिचा योगवर्ग, सगळं इथे असतं. मुलगी इथेच जन्मलेली. तिला 'तुझं गाव कोणतं' विचारलं, तर ती जयनगर सांगते. इथे ओळख झाली की माणसं विचारतात, "निम्म ऊरु यावदु?" तुमचं गाव कोणतं? या साध्या प्रश्नावर एका घरातली तिघं तीन उत्तरं देत असतील, तर बसून बोलायची वेळ आली आहे असं समजा. हे बोलणं भांडणात नको आणि फोनवर आजीसमोर तर नकोच नको.

बोलताना प्रश्न 'परत जायचं की नाही' असा ठेवू नका. त्याने दोन पक्ष पडतात. असे विचारा: पुढच्या पाच वर्षांत आपल्यापैकी कोणाला कोणाची गरज लागणार आहे? गावच्या आईवडिलांना आपली लागेल का, की ते इथे येऊ शकतील? आले, तर दिवसभर ते कोणाशी बोलणार? आणि ज्या गावी परत जायचं म्हणतो, तिथे आता आपल्या ओळखीचं कोण उरलंय? पंचवीस वर्षांत ते गावही बदललंय. अनेकदा आपण ज्या गावी परतायचं म्हणतो, ते गाव आपल्या आठवणीतच असतं.

राहायचं ठरलं, तर मात्र पुरतं राहा. आणि इथे मी जरा इतिहास सांगणार आहे, कारण आपण इथे उपरे आहोत ही समजूत तितकीशी खरी नाही. १६३८मध्ये आदिलशाही फौजेने केंपेगौडांकडून बेंगळुरू घेतलं. त्या मोहिमेत शहाजीराजे होते आणि पुढे हे शहर त्यांची जहागीर झालं. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर मंदिराशी व्यंकोजीराजांचं नाव जोडलेलं आहे. १६८७च्या सुमारास तीन लाख रुपयांना हे शहर म्हैसूरच्या वडेयारांकडे गेलं. शहाजीराजांची समाधी आजही कर्नाटकात, होदिगेरेला आहे. अलीकडचं पाहायचं, तर शिवाजीराव गायकवाड नावाचा मराठी घरातला मुलगा १९५०मध्ये याच शहरात जन्मला आणि जग त्याला रजनीकांत म्हणून ओळखतं. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे घरी मराठी बोलायचे आणि कन्नडचे थोर कवी झाले, ज्ञानपीठ मिळवलं. मराठीपण सोडल्याशिवाय कानडी मुलखाचं होता येतं, हे या माणसांनी आपल्या आधीच करून दाखवलंय.

त्यामुळे कन्नड शिका. अवघड नाही. अक्का, अण्णा, अप्पा आपल्याकडेही आहेतच. लिपी शिकायला महिना पुरतो. बसची पाटी आणि पाण्याचं बिल वाचता आलं, की शहर निम्मं आपलं होतं. भाजीवाल्या अम्मांना "ऊटा आय्ता?", जेवण झालं का, एवढं विचारून पाहा. भाव कमी होईलच असं नाही, पण कोथिंबिरीच्या दोन काड्या जास्त येतात. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत कडलेकाई परिषे भरते, भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. तिला जा. आणि गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळातही जा. दोन्हीकडे जाणारा माणूस सुखी असतो. असोसिएशनच्या वार्षिक सभेला बसा, निवडणूक लढवा. भाडेकरूच्या मनाने मालक राहू नका.

आणि परत जायचं ठरलं, तर तेही खुशाल ठरवा. त्यात हार नाही. फक्त तारीख ठरवून जा. घर भाड्याने द्यायचं की विकायचं, ते आधी पाहा. विकणार असाल, तर ताबा मिळाल्याच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षं झाली आहेत ना, तेही पाहा. नाहीतर मुद्दलावर घेतलेली ८०-सीची वजावट परत उत्पन्नात धरली जाते. आणि वर सांगितलेले सगळे कागद नीट केलेले असतील, तर विक्री दोन-तीन महिन्यांत होऊ शकते. नसतील तर वर्ष जाईल.

एक गंमत सांगून थांबतो. कन्नडमध्ये कर्जाला 'साल' म्हणतात. आपल्याकडे साल म्हणजे वर्ष. हा निव्वळ योगायोग आहे, पण वीस साल कर्ज फेडणाऱ्या माणसाला तो पटतो. ती सालं बँकेची होती. यापुढची तुमची आहेत. ती कुठे घालवायची, हे या महिन्यात घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा, आणि त्याआधी उद्या सकाळी ईसी काढा.

पुढच्या भागात मृत्युपत्र प्रत्यक्ष कसं लिहायचं, त्याचा नमुना घेऊन बोलू. तोवर नमस्कार.