परतीचा दोर कापायचा नाही

मागच्या भागात आपण अंतर्गत कर्जाचे हप्ते कसे बांधायचे ते बोललो. आज हिशेबाची वही जरा बाजूला ठेवूया. आज बोलायचं आहे डोंगर चढण्याबद्दल. कुणी म्हणेल, रोज कमी का चालतो आम्ही? पण पाण्याला, सरपणाला, शेताला चालणं वेगळं आणि स्वतःच्या आनंदासाठी चालणं वेगळं. या दुसऱ्या चालण्याची आपल्याला सवय नाही, म्हणून त्यातल्या चुकाही आपल्याला माहीत नाहीत. आमची एक चूक आज तुम्हाला सांगतो.

आम्ही खडकवासल्याच्या. सिंहगड आम्हाला रोज दिसतो. रात्री त्याच्यावरच्या टॉवरचा दिवा दिसतो. शनिवार-रविवारी गडाकडे जाणारी गर्दी आमच्या दारावरून जाते. चौपाटीवर आमच्याच गटातल्या बाया त्यांना कणसं भाजून देतात, भजी तळून देतात. पण एका बैठकीत सहज विचारलं, 'गडावर पायी कोण कोण गेलंय?' पंधरा जणींपैकी चार हात वर आले. त्यातल्या दोघी तर शाळेच्या सहलीला गेलेल्या. एक काकू म्हणाल्या, 'पंचवीस वर्षं गडाकडे तोंड करून भांडी घासली, वर काही गेले नाही.' सगळ्या हसलो, आणि त्याच बैठकीत ठरवलं की जायचं.

नुसतं वर जाऊन खाली यायचं नव्हतं, गडाला पुरा वळसा घालायचा होता. आतकरवाडीतून पायवाटेने चढायचं, पुणे दरवाज्याने आत शिरायचं, तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीला हात जोडायचे, देवटाक्याचं पाणी बघायचं, आणि मागच्या बाजूच्या कल्याण दरवाज्याने कल्याण गावात उतरायचं. तिथे दोन वाजता जीप येणार, आणि गाडीरस्त्याने फिरून घरी. जीपवाल्याला पाचशे रुपये इसारही दिला. डिसेंबर महिना होता, हवा छान होती. अकरा जणी निघालो.

सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे. आतकरवाडीची वाट पावणेतीन किलोमीटरच्या आसपास आहे, पण ती जवळजवळ सगळी चढाची. रोज चढणारी माणसं तासा-सव्वा तासात वर जातात. आम्ही दोन तास धरले होते. सकाळी साडेसहाला पायथ्याशी पोहोचायचं ठरलं होतं. पण पाणी भरणं, डबे, दूध, मुलांची शाळा हे सगळं उरकून निघेपर्यंत आतकरवाडीत साडेआठ वाजले. चढाला तीन तास लागले. वर पिठलं-भाकरी खाल्ली, मडक्यातलं दही खाल्लं, फोटो काढले. कल्याण दरवाज्याशी आलो तेव्हा दीड वाजला होता.

तिथे आमच्यातली एक वहिनी मटकन खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी, पोटऱ्यांत गोळे, मळमळ. विचारल्यावर कळलं, त्या दिवशी संकष्टी होती. ती पिठलं-भाकरीला बसली होती, पण ताट शेजारणीकडे सरकवलं होतं. सकाळपासून पोटात फक्त चहा. आणि पाणी? 'वाटेत जायला आडोसा नाही, म्हणून प्यायलेच नाही,' असं ती म्हणाली. मैत्रिणींनो, ती एकटीच नव्हती. मग एकेकीने कबूल केलं, आम्ही पाच जणी त्याच कारणाने पाणी न पिता चढलो होतो.

आता करायचं काय? समोर कल्याण दरवाजा, एकापुढे एक अशी दोन दारं, आणि पलीकडे उताराची वाट. खाली जीप येणार. आमच्यातल्या निम्म्या म्हणाल्या, 'आता राहिलंय काय, उतारच तर आहे. हळूहळू नेऊ तिला. इसार बुडेल.' खरं सांगतो, आम्ही उतरायला निघालोच होतो. तेवढ्यात दही विकणारी एक मावशी तिथे आली. तिने वहिनीला सावलीत टेकवलं, मीठ-साखर घालून लिंबाचं सरबत घोटघोट पाजलं, आणि आम्हाला म्हणाली, 'बायांनो, मुरमाच्या उतारावर ही अर्ध्यात बसली तर वरही नेता येणार नाही अन् खालीही. मागे फिरा. गाडीतळावरून जीप मिळेल. गड काय उद्या पळून जातोय होय?'

आम्ही मागे फिरलो. सपाटीवरून सावकाश गाडीतळापर्यंत आलो आणि घाटाने जीपमधून खाली उतरलो. वहिनीला दवाखान्यात दाखवलं. तपासणीत रक्त फार कमी निघालं, हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. इसार बुडाला. पुढच्या बैठकीत दोघींनी त्यावरून तोंड वाकडं केलं, पण खर्च वहीत लिहिला आणि विषय मिटला.

मग आम्ही बसून विचार केला. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरायला लागले, तेव्हा परतीचे दोर कापून टाकले असं सांगतात. त्यावरूनच आपण म्हणतो, परतीचे दोर कापून कामाला लागा. लढाईत ते खरं. पण हौसेने डोंगरावर गेल्यावर उलटं असतं. तिथे परतीचा दोर शेवटपर्यंत जपायचा. वळशाच्या वाटेवर तर जास्तच. कारण अर्ध्याच्या पुढे गेलं की मागे फिरणं आणि पुढे जाणं सारखंच लांब होतं, आणि मन म्हणतं, चला पुढेच जाऊ. आमचा दोर म्हणजे वरचा गाडीरस्ता होता. कल्याण दरवाज्याच्या बाहेर उतरलो असतो तर तो आम्हीच कापला असता.

त्यातून गटाने काही नियम केले. तुम्ही कुठलाही गड, कुठलीही टेकडी चढा, ते उपयोगी पडतील.

पहिला नियम, लपवायचं नाही. बैठकीत एक रुपयाही आपण मोठ्याने सांगून वहीत लिहितो. मग तब्येत का नाही सांगायची? निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकीने सांगायचं: उपास आहे का, पाळी आहे का, बीपी-शुगरची गोळी चालू आहे का, गुडघा दुखतो का. यात लाज नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं आहे. म्हणजे आपल्या गटातही अशा जणी असणारच. आधी आशाताईंना विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. आणि उपासाच्या दिवशी मोठी चढण ठेवूच नका.

दुसरा, पाणी प्यायचंच. प्रत्येकीजवळ किमान दोन लिटर, उन्हाळ्यात तीन. तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला चार घोट. आडोशाची अडचण खरी आहे. आम्ही उपाय केला: एक जुनी साडी बरोबर ठेवतो. दोघींनी धरली की झाला आडोसा. शिवाय जलसंजीवनी घरूनच करून न्या: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. कुणाला चक्कर आली, गोळे आले की आधी सावली, मग हे पाणी घोटघोट. पण बाई असंबद्ध बोलायला लागली किंवा शुद्ध हरपू लागली तर तोंडात काही घालू नका. अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि लगेच मदत बोलवा.

तिसरा, वेळ आधी ठरवायची. किती वाजता कुठे असलो तर पुढे जायचं आणि नसलो तर मागे फिरायचं, हे घरी बसूनच ठरवून कागदावर लिहा. वर गेल्यावर मन फितूर होतं. आमचं ठरलंय: अकराला कल्याण दरवाज्याशी नसलो तर पुढचा वळसा रद्द. इसार बुडाला तर बुडाला. झेपेल तेवढंच कर्ज घ्या असं आपण सांगतो ना, तसंच हे.

चौथा, सगळ्यात हळू चालणारीची चाल तीच गटाची चाल. वाट माहीत असलेली एक पुढे, खमकी एक सगळ्यात मागे. तिच्या मागे कुणी राहायचं नाही. प्रत्येक थांब्यावर डोकी मोजायची.

पाचवा, उताराला जपायचं. दम चढाला लागतो, पण पाय उताराला घसरतो. छोटी पावलं, हातात काठी, पायात खाचा असलेले बूट. चपला नकोत. साडी नेसायची तर आखूड नेसा किंवा सरळ पंजाबी ड्रेस घाला.

सहावा, वाट चुकली तर थांबायचं आणि शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे यायचं. 'ओढ्याने खाली गेलं की गाव लागतंच' असं समजू नका. सह्याद्रीतला ओढा कुठे कड्यावरून उडी घेईल सांगता येत नाही. त्याला उडी घेता येते, आपल्याला नाही.

सातवा, घरी कागद ठेवून जायचं. कोण कोण गेलंय, कुठून वर, कुठून खाली, किती वाजेपर्यंत परत. तोवर फोन आला नाही तर घरच्यांनी काय करायचं तेही लिहा. संकटात ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. मोबाइल पुरता चार्ज करा. दरीच्या बाजूला रेंज जाते, म्हणून निरोप द्यायचा असेल तर वरूनच द्या. लहानशी विजेरी, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, आपापल्या गोळ्या, पॅड हे सामान हवंच. कड्याला आग्या मोहोळ असेल तिथे धूर, आरडाओरडा, अत्तर काही नको. पावसाळ्यात धुकं आणि शेवाळ असतं, दरडी पडतात, म्हणून आम्ही तेव्हा वळसा घालत नाही.

आणि आधी सराव करा. आम्ही महिनाभर आठवड्यातून तीनदा पहाटे टेकडी चढलो. 'आता या वयात?' असं कुणी म्हटलं तर सांगा, जमशेदपूरच्या प्रेमलता अग्रवाल २०११ साली एव्हरेस्टवर पोहोचल्या तेव्हा ४८ वर्षांच्या होत्या, दोन मुलींच्या आई. पण त्याही एका दिवसात गेल्या नव्हत्या.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा गेलो. या वेळी घरच्यांना आठवडाभर आधी सांगितलं, 'त्या दिवशी पाणी आणि डबे तुमच्याकडे.' साडेसहाला आतकरवाडी, साडेदहाला कल्याण दरवाजा. दही विकणाऱ्या मावशीला आवर्जून भेटलो. तिने वहिनीकडे बघून विचारलं, 'आज खाऊन आलीस का गं?' वहिनी हसली. तीन महिने गोळ्या घेऊन तिचं रक्त वाढलं होतं, आणि सगळ्यात मागे चालायची जबाबदारी तिनेच मागून घेतली होती. मुरमाच्या उतारावर दोनदा बसून घसरलो, पण अकराच्या अकरा जणी कल्याण गावात उतरलो. जीप उभी होती. वहिनीने डोकी मोजली, सगळ्यात शेवटी स्वतः आत चढली आणि दार लावलं.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटातही विचारून बघा, आपल्या गावच्या डोंगरावर कोण कोण गेलंय. आणि ठरलं तर वहीचं एक पान या नियमांसाठी ठेवा.