रेचकाची वेळ

औषध किती घ्यावें हें बहुतेक रोगी विचारतात. तें केव्हां घ्यावें याची चौकशी फार थोडे करितात. मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणींत, म्हणजे कोलोनोस्कोपींत, मात्र वेळेस औषधाइतकेंच महत्त्व आहे.

या तपासणींत लवचीक नळी गुदद्वारांतून आंत सरकवून आतड्याचें अस्तर पाहतात. पुढें कर्करोग होऊं शकेल अशी पॉलिप नांवाची चपटी गांठ मळाच्या थराखालीं दडली, तर निष्णात डॉक्टरांच्या नजरेंतूनही ती निसटते. म्हणून आधीं रेचक देऊन आतडें धुवावें लागतें.

पूर्वीं हें सारें औषध आदल्या संध्याकाळींच पाजीत. परंतु लहान आतड्यांतून पित्तमिश्रित चिकट रस रात्रभर खालीं येतच असतो, आणि मोठ्या आतड्याचा उजवा भाग सकाळपर्यंत पुन्हां माखतो. रात्रीं झाडलेल्या अंगणांत सकाळीं पाचोळा पडलेला नसतो काय? यास्तव आतां औषधाचे दोन भाग करितात. पहिला आदल्या सायंकाळीं. दुसरा तपासणीपूर्वीं 4 ते 6 तास सुरू करावयाचा. शेवटचा घोट मात्र निदान 2 तास आधीं संपला पाहिजे. नाहींतर गुंगींत पोटांतील पाणी श्वासनलिकेंत शिरण्याचें भय असतें.

आतां भोर तालुक्यांतील किकवीचा रोगी घ्या. पुणें-सातारा रस्त्यावरील हें गांव पुण्यापासून 40-45 किलोमीटर दूर. तपासणी सकाळीं 10 वाजतां असेल, तर दुसरा भाग 5 वाजतां सुरू करून साडेसहापर्यंत संपवावा व शौचाचा वेग ओसरल्यावर 8 च्या सुमारास निघावें. परंतु 7 ची वेळ मिळाली, तर रात्रीं 2 वाजतां उठणें आलें. मग वाटेंत फजिती होईल या धास्तीनें रोगी दुसरा भाग टाळतो, आणि सारी तपासणी व्यर्थ जाण्याची पाळी येते. त्यापेक्षां दिवस ठरवितांनाच गांवाचें अंतर सांगून उशिराची वेळ मागून घ्यावी, किंवा आदल्या रात्रीं पुण्यांत आप्तांकडे मुक्काम करावा.

आदल्या दिवशीं पालेभाज्या, बिया व कोंड्याचे पदार्थ वर्ज्य करावे. मधुमेहाचीं व रक्त पातळ करणारीं औषधें चालू असल्यास, किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास, डॉक्टरांस आधींच सांगावें. नेमकें वेळापत्रक त्यांचेंच पाळावें. आणि रात्रीं शौच पाण्यासारखें स्वच्छ झालें, म्हणून पहांटेचा पेला ओतून देऊं नये. रात्रींच्या स्वच्छतेचा डॉक्टरांस उपयोग नाहीं. त्यांस आतडें पाहावयाचें असतें तें सकाळीं.