अंगणातला कडुनिंब

मोठं अंगण असेल तर पावसाच्या तोंडावर एक कडुनिंब लावाच. ताजी, पिकलेली निंबोळी पंधरवड्याच्या आत पेरा. वाळून जुनी झाली की उगवायची नाही. जागा घराच्या पश्चिमेची, म्हणजे कलतं ऊन अडतं. पण भिंतीपासून वीसेक फूट लांब! आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यात मुळांनी ओल ओढली की पाया हलतो.

पाणी? २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या लातूरला वेगळं काय सांगायचं! रोपाशेजारी बुडाला भोक पाडलेलं मडकं पुरा, भोकात चिंधीची वात घाला. मडकं भरलं की वातीवाटे पाणी हळूहळू मुळाशी झिरपतं. दोन उन्हाळे एवढं करा. शेळ्यांपासून मात्र काटेरी कुंपण हवं.